घरच्या लेथसाठी यंत्राइतकीच जमीनही पाहावी

शेतीच्या अवजारांचे बुश आणि पिना घरीच काढता याव्यात म्हणून आपण साडेचार फुटी लेथ (धातू फिरवत कापून आकार देणारे यंत्र) घेत आहात, हा विचार योग्यच आहे. मात्र पंजाबातील बटाला किंवा राजकोटचे जुने यंत्र पाहताना नव्या रंगाला भुलू नये. बेडची (यंत्राच्या लांब पायाची) झीज चकाजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ, सर्वाधिक होते, म्हणून बेडवर सरकणाऱ्या, हत्यार धरणाऱ्या कॅरेजची गिब (ढिलाई काढणारी पट्टी) तेथे बेताची कसून कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे (कामाला आधार देणाऱ्या भागाकडे) सरकवावे; तिकडे ते आवळू लागले, तर बेड झिजला आहे असे समजावे.

मोटर एक अश्वशक्तीची, सिंगल फेज असावी, कारण शेतीपंपाची थ्री फेज जोडणी या कामाला वापरता येत नाही. अर्थिंग पक्के हवे.

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर नुसती फरशी असेल, तर यंत्रालाही पीळ देते. त्यामुळे ती माती उकरून मुरूम ठोकावा आणि त्यावर सळईचे काँक्रीट घालावे. ते पुरते मुरल्यावर मीटरला 0.02 मिमी दाखवणाऱ्या लेव्हलने बेड दोन्ही टोकांना आडवा तपासावा. त्यानंतर 25 मिमीचा गज चकाबाहेर 150 मिमी ठेवून, टेलस्टॉकचा आधार न देता, त्या बाहेरच्या भागाच्या दोन्ही टोकांवर हलका काप घ्यावा. व्यासांत फरक आल्यास टेलस्टॉककडील एका पायाखाली पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घालून पुन्हा मोजावे. पोळ्यानंतर आणि मे महिन्यात हीच तपासणी पुन्हा करावी लागेल, काम साध्या बुश-पिनांचे असले तरी.

चकाची चावी मात्र क्षणभरही चकात ठेवू नये, आणि गळ्यातला दुपट्टा दाराबाहेरच काढावा.