गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटची शस्त्रक्रिया ऑगस्टच्या मध्यावर झाली, सहा आठवडे झालेत. सांध्यातल्या गादीलाही (मेनिस्कस) टाके घातलेत. सर्जन म्हणतात तीन महिन्यांनी धावता येईल. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन जमेल का?

जानेवारीत नाही. शस्त्रक्रिया ऑगस्टच्या मध्यावर झाली असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे शर्यतीच्या दिवशी जेमतेम पाच महिने होतील. तोवर सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटं हळू धावता आलं तरी उत्तम समजा. पुढच्या हंगामात मात्र हाफ धावणं अगदी शक्य आहे, आणि त्याचा पाया आत्ताच्या दीड-दोन महिन्यांत घातला जातो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून नेमकं काय बघायचं ते लिहितो.

‘तीन महिन्यांनी धावा’ याचा अर्थ ‘तीन महिन्यांच्या आत धावू नका’ एवढाच. एसीएलच्या जागी बसवलेला ग्राफ्ट ही बहुधा तुमच्याच पायातली कंडरा असते, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. तिचा रक्तपुरवठा आधी तुटतो, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू ती लिगामेंटसारखी घडत जाते. या प्रवासात साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कच्ची असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात आणि माणसाला जॉगिंगची हुक्की येते. तुम्ही आत्ता त्याच टप्प्यात आहात.

सगळ्यात आधी गुडघा पूर्ण सरळ होतो का ते तपासा. पलंगावर पालथे झोपा, गुडघ्याखालचा भाग पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि घरातल्या कुणाला तरी दोन्ही टाचांची उंची बघायला सांगा. शस्त्रक्रियेची टाच १ सेंटीमीटर वर राहिली तर साधारण १ अंश कमी पडतोय असं धरा. दोन्ही टाचा एका रेषेत यायला हव्यात. आपल्याकडे आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात. ती आजच काढा. गुडघा तसाच किंचित वाकलेला आखडतो, चाल लंगडी राहते आणि मांडीचा पुढचा स्नायू कधीच पूर्ण आवळला जात नाही. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी सोडा आणि दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं तसे पडून राहा. एवढं करूनही सरळ होत नसेल आणि शेवटच्या काही अंशांत पुढच्या बाजूला काहीतरी अडकल्यासारखं वाटत असेल, तर ग्राफ्टपुढे व्रणाची गाठ झालेली असू शकते. तिला सायक्लॉप्स म्हणतात. अशा वेळी जोर लावून ताणत बसू नका, सर्जनला दाखवा.

दुसरी गोष्ट सूज. दुखणं फसवतं, सूज फारशी फसवत नाही. पाय सरळ ठेवून बसा. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूने तळहात दोन-तीनदा वर मांडीकडे फिरवा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा. आतल्या खळगीत पाण्याची लाट परत आली तर सांध्यात अजून द्रव आहे. शिंप्याच्या टेपने वाटीच्या मध्यावर घेर मोजा, रोज सकाळी, उठल्या उठल्या. आदल्या दिवशीच्या व्यायामानंतर १ सेंटीमीटर वाढ दिसली तर व्यायाम जास्त झाला. सुजलेल्या सांध्यात मेंदू मांडीच्या स्नायूला पुरते आदेशच देत नाही, त्यामुळे सूज असताना केलेल्या व्यायामातून ताकद फारशी येत नाही.

आता खरा मुद्दा, मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स. परत धावणाऱ्यांचं बहुतेक इथेच बिनसतं. ग्राफ्ट शाबूत असतो, पण मांडी बारीक असते. मग पाऊल पडताना गुडघा कडक राहतो, धक्का वाटीमागे जातो आणि जिना उतरताना दुखायला लागतं. आत्ता दहा सेकंद मांडी आवळून धरणं आणि पाय सरळ ठेवून उचलणं हे व्यायाम करत असाल. उचलताना गुडघा किंचितही वाकला तर ती फेरी धरू नका. त्यानंतर दोन्ही पायांनी लेग प्रेस, मग एका पायाने. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, फिजिओच्या नजरेखाली, लेग एक्स्टेन्शन मशीन (बसून वजनाविरुद्ध गुडघा सरळ करायचं), तेही ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यातच. जिममधले लोक ‘ते मशीन एसीएलला वाईट’ म्हणून घाबरवतात. शेवटच्या सरळ होणाऱ्या टप्प्यात ग्राफ्टवर ताण येतो हे खरं, पण मशीन कायमचं टाळलं तर मांडी मागेच राहते.

मेनिस्कसच्या टाक्यांमुळे तुम्हाला काही बंधनं जास्त आहेत. साधारण चार महिने उकिडवं बसू नका आणि भार घेऊन ९० अंशांपलीकडे वाकू नका. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. मांडी घालून जेवायला बसणं, गुडघ्यावर बसून पूजा करणं हेही तोवर बाजूला. मांडीच्या मागच्या स्नायूचे वजन लावून केलेले व्यायामही उशिरा सुरू होतात, कारण त्यातल्या एका स्नायूची पकड आतल्या मेनिस्कसच्या मागच्या टोकालाही असते आणि तो टाक्यांवर ओढ देतो. ग्राफ्ट तिथूनच काढला असेल तर बूट घालायला एकदम वाकू नका, मागे ‘टक’ होऊन कळ येते.

दम टिकवायला स्थिर सायकल चालवा. पूर्ण फेरीसाठी गुडघा साधारण ११० अंश वाकायला लागतो, सीट थोडी उंच ठेवा. खाण्यात प्रथिनं वाढवा, दर किलो वजनामागे दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच असतात, तेव्हा शाकाहारी असाल तर पनीर, दही, सोयाबीन मुद्दाम ताटात घ्यावं लागेल.

धावायला कधी लागायचं? बारा आठवडे उलटलेले, सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ, आणि लेग एक्स्टेन्शनला शस्त्रक्रियेच्या पायात चांगल्या पायाच्या निदान ७० टक्के ताकद. मी ८० टक्क्यांपर्यंत थांबायला सांगतो, कारण चांगला पायही या काळात थोडा ढिला पडलेला असतो आणि तुलना फसवी होते. शिवाय आरशासमोर खुर्चीवरून एका पायावर दहा वेळा उठून बघा, गुडघा आत कोसळायला नको. एका पायावर वीस वेळा टाच उचलता यायला हवी.

सुरुवात सपाट मैदानावर, एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा, एक दिवसाआड. दोन वेळा सूज न येता पार पडलं की पुढची पायरी: दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चाल. दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं असेल तर चालेल. पावलं लहान ठेवा. मिनिटाला १६० पडत असतील तर १६८ करून बघा, तेवढ्यानेही गुडघ्यावरचा भार कमी होतो. आधी मिनिटं वाढवा, वेग नंतर. उतार सगळ्यात शेवटी. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ लोकांना भीती घालतो, पण गुडघ्याला जड जातो तो त्यानंतरचा उतार. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरायचा असतो, तेव्हा ती शर्यत आणखी नंतर.

ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, नऊ महिन्यांच्या आत धावायला जाऊ नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, वळणं-उड्या असलेल्या खेळांत परतणं नवव्या महिन्यापर्यंत जसं एकेक महिना लांबलं, तसं गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्यामागे जवळपास निम्मं होत गेलं. दगडगोट्यांची ओली वाट त्याच जातीची असते.

पोटरी अचानक सुजली-दुखली, ताप येऊन जखम लाल झाली किंवा गुडघा मध्येच अडकला तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात. पुढच्या भेटीत ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या: ग्राफ्ट कुठून घेतला, कुठला मेनिस्कस शिवला, फाट कशी होती. वरची बंधनं त्यावरून सैल किंवा कडक होतात, आणि तुमच्या फिजिओला तो कागद पहिल्या दिवसापासून हवा असतो.