मृत्युपत्र आहे, पण साक्षीदाराचं काय?

ताई, वडील जाऊन अडीच वर्षं झाली, मृत्युपत्र नोटरी केलंय पण रजिस्टर नाही, भाऊ आता मानायला तयार नाही, प्रोबेटला (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) किती दिवस लागतील, असे प्रश्न मला सतत येतात. रजिस्टर नसलं तरी चालतं, ते सोडा. तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत जे लिहिलंय, की दोन साक्षीदारांपैकी काका वारले आणि दुसऱ्या आजी हल्ली विसरायला लागल्यात, सगळी केस तिथे अडकलीय.

मृत्युपत्र कोर्टात नुसतं दाखवून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. साक्षीदार हयात असेल आणि साक्ष देऊ शकत असेल तर निदान एकाला तरी उभं करावंच लागतं (भारतीय साक्ष्य अधिनियम कलम 67, पूर्वीचं एव्हिडन्स ॲक्टचं 68). आणि आजींनी फक्त 'ही सही माझी' म्हणून उपयोग नाही, वडिलांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली, आणि काकांनीही त्यांच्यासमोरच केली, हे सगळं त्यांच्या तोंडून यायला हवं. जानकी नारायण भोईर केसमध्ये सुप्रीम कोर्टात मृत्युपत्र नेमकं इथेच पडलं, जो साक्षीदार आला त्याच्या साक्षीतून दुसऱ्याची सही सिद्ध झाली नाही.

मग अडीच वर्षं कागद कपाटात का ठेवला हो? 'भाऊ काही बोलत नव्हता' हे मला पटत नाही, भाऊ गप्प होता तेव्हाच आजींना सगळं आठवत होतं. शिवाय प्रोबेटच्या अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू होते. ती मृत्यूच्या तारखेपासूनच मोजतात असं नाही, पण त्या वादाला जागाच ठेवू नका.

या आठवड्यात वकील गाठा. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे वाटणी पार पाडणारा) म्हणून तुमचं नाव असेल तर प्रोबेट, नसेल तर बहुतेक लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकार) मागावं लागेल, ते कागद बघून ठरेल. अर्जावर शक्य असेल तर एका साक्षीदाराचं व्हेरिफिकेशन (सही आपल्यासमोर झाली असं लिहून सही करणं) लागतं, ते आजींचं घ्या. भाऊ हरकत घेणार, मग त्या अर्जाचाच दावा होणार, आणि पुराव्याची पाळी येईपर्यंत आपल्या कोर्टात वर्षं निघून जातात, आजींकडे तेवढा वेळ नाही. म्हणून अर्ज दाखल झाल्या झाल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 18 रूल 16 खाली त्यांची साक्ष लगेच नोंदवायची मागणी करा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, घराबाहेर पडवत नसेल तर साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी येऊ शकतो. भावाच्या वकिलाला उलटतपासणी करू द्या, त्याशिवाय ती साक्ष टिकणार नाही. आजींना पढवायला मात्र अजिबात जाऊ नका.

घर एकट्या वडिलांचं की वडिलोपार्जित, हे प्रोबेट कोर्ट ठरवत नाही, तो वाद वेगळा लढावा लागेल.

आणि आजींना साक्ष देणं जमलंच नाही तर काकांची आणि वडिलांची सही ओळखणाऱ्या माणसाकडून ती सिद्ध करता येते, तो रस्ता जास्त अवघड आहे. तरी काकांच्या मुलांना आजच फोन करा, काकांची सही असलेले जुने चेक, बँकेचे फॉर्म, जे असेल ते रद्दीत जाऊ देऊ नका म्हणावं.