संप मिटला, तिकिटाचं काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

विमान कंपनी आणि कर्मचाऱ्यांचा वाद मिटल्याची बातमी आली की दोन दिवस शांततेत जातात. तिसऱ्या दिवशी माझा मेलबॉक्स भरायला लागतो. सत्तावीस वर्षं दादरला तिकिटांच्या काउंटरवर बसलो, आता प्रवाशांच्या तक्रारींचे कागद बघतो. कंपनी बदलते, साल बदलतं, प्रश्न तेच राहतात. म्हणून यावेळी एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत, रागावू नका.

संप मिटला की कंपनी गिऱ्हाईक परत आणायला भाडी पाडते म्हणतात. भाचीच्या लग्नाला पुणे–दिल्ली पाच तिकिटं काढायची आहेत. थांबू का? (कोथरूड)

लग्नाची तारीख ठरली असेल तर थांबू नका.

भाडी पडतात हे खरं, पण कोणत्या दिवसांची ते बघा. विमानातल्या साऱ्या खुर्च्या एका भावाने विकत नाहीत. त्यांचे दहा-बारा भाव केलेले असतात, आणि स्वस्त भावाच्या खुर्च्या आधी संपतात. एका कंपनीची विमानं जमिनीवर आली की तिचे प्रवासी दुसऱ्या कंपन्यांकडे धावतात आणि तिथले खालचे भाव काही तासांत संपतात. भाडं 'वाढवलं' असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा वरचे भावच शिल्लक राहिलेले असतात. वाद मिटल्यावर ती कंपनी खालचे भाव पुन्हा उघडते, पण मंगळवार-बुधवारी, दुपारच्या आडवेळेला, पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी. लग्नसराईचा शनिवार त्यात नसतो. जाहिरातीतल्या 'पासून' या शब्दाकडे नीट बघा, सगळी गोम तिथे असते. पाच तिकिटं एकत्र शोधलीत तर पाचही जणांना बहुधा वरचाच भाव दिसेल. आधी एकाचं भाडं बघा, मग दोघांचं. ओळखीचा एजंट असेल तर त्याला विचारा, त्याला किती खुर्च्या कोणत्या भावात उरल्यात ते दिसतं.

मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळतं का? मोबाईलमध्ये 'इन्कॉग्निटो' लावून बघितलं तर? (कल्याण)

नाही. झोपा.

कर्मचारी एकदम आजारी पडले म्हणून आमची फ्लाइट सुटायच्या तीन तास आधी रद्द झाली. नियमाप्रमाणे १०,००० रुपये भरपाई मिळते असं वाचलं. कंपनी नाही म्हणते. (नाशिक)

तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमात वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली तर भरपाई आहे: तासाभराच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून लांब उड्डाणाला १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. 'जे कमी असेल ते' हे चार शब्द फॉरवर्ड करणाऱ्यांना कधीच दिसत नाहीत. आणि त्याच नियमात कंपनीला सूट देणाऱ्या कारणांची यादी आहे. पूर, दंगल, सरकारी आदेश यांच्या रांगेत संप आणि कामगार तंटेही बसवलेले आहेत. माझ्या मते ते तिथे असायला नको होते. पूर कंपनीने आणलेला नसतो. स्वतःच्या माणसांशी झालेल्या भांडणात तिचाही हात असतो. पण नियम आज असा आहे.

मात्र ही सूट भरपाईपुरती आहे. पूर्ण पैसे परत किंवा पर्यायी विमान, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. विमानतळावर पोहोचला असाल तर थांबण्याच्या वेळेत खाणं-पिणं मागा.

आणि एक काम आजच करा. फ्लाइट रद्द झाल्याचा पहिला मेसेज शोधा. त्यात 'ऑपरेशनल कारणामुळे' असं लिहिलं असेल तर तो पुसू नका. प्रवाशाला ऑपरेशनल कारण सांगायचं आणि भरपाई मागितली की संप पुढे करायचा, हा खेळ मी खूप पाहिला आहे. कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या एअरसेवा या विमान-तक्रारींच्या पोर्टलवर, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जा. तरीही दाद मिळाली नाही तर कागद घेऊन ग्राहक चळवळीतल्या जाणकाराला किंवा वकिलाला भेटा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

मुलगी जर्मनीत असते. फ्रँकफर्ट–मुंबई फ्लाइट वैमानिकांच्या संपामुळे आदल्या दिवशी रद्द झाली. 'संपाला भरपाई नसते' असं आमच्या ग्रुपवर एकाने ठामपणे सांगितलं. (सातारा)

ग्रुपवरचे काका भारताचा नियम युरोपला लावत आहेत.

युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम वेगळा आहे. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरो, म्हणजे साठ हजार रुपयांच्या आसपास. कंपन्या तिथेही 'असाधारण परिस्थिती' म्हणत हात वर करायच्या. २०१८ मध्ये टुईफ्लाय या जर्मन कंपनीच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की फेररचनेची घोषणा ऐकून कर्मचारी एकदम आजारी पडले, तर ती असाधारण परिस्थिती नव्हे. २०२१ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीच्या खटल्यात युनियनने रीतसर पुकारलेल्या संपालाही तेच लावलं. पगारावरून भांडण होणं हा धंद्याचाच भाग आहे, असा त्याचा साधा अर्थ. संप हवाई वाहतूक नियंत्रकांचा असेल तर गोष्ट निराळी, कारण ती माणसं कंपनीची नव्हेत.

युरोपातून निघणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, हा नियम लागतो. मुंबईहून युरोपला जाताना मात्र कंपनी युरोपियन असेल तरच. चौदा दिवस आधी कळवलं असेल तर भरपाई नाही. मुलीला सांगा, अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः भरायचा. 'आम्ही मिळवून देतो' म्हणणाऱ्या कंपन्या रकमेतला मोठा तुकडा कापून घेतात, आणि सुरुवातीला करतात काय तर तोच अर्ज भरतात. नकार आला तर तिथल्या ग्राहक सल्ला केंद्रात जावं. मुदतीचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा वर्षभर बसून राहू नये.

एजंट म्हणतो रिफंड फक्त क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा होऊन येतो. (लातूर)

खोटं. पैसे हवेत की क्रेडिट, हे प्रवाशाने ठरवायचं असं डीजीसीएच्या नियमात स्पष्ट आहे, आणि एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही विमान कंपनीचीच आहे. पीएनआर घालून दोघांना एकच ईमेल करा.

गेल्या डिसेंबरात संप झाला तेव्हा सरकारने भाडी बांधून दिली होती. मग प्रत्येक संपात का बांधत नाहीत? (पणजी)

डिसेंबर २०२५ मध्ये संप नव्हता. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी इंडिगोची तयारी अपुरी पडली, आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० अशी कमाल भाडी ठरली, तीही विमानतळ शुल्क आणि कर वगळून. एरवी आपल्याकडे भाडं कंपनीच ठरवते. सरकारने हात घालावा एवढा गोंधळ झाला म्हणून घातला. त्यावर भरवसा ठेवून तिकीट लांबवू नका.

आम्ही नवरा-बायको निवृत्त आहोत. एकाच कंपनीने प्रवास करून १,४०,००० पॉइंट साठवलेत, अमेरिकेत नातवाकडे बिझनेस क्लासने जायचं म्हणून. आता वाद मिटल्यावर कंपनीने 'निष्ठावंत ग्राहकांसाठी' दुप्पट पॉइंट जाहीर केलेत, आणि रद्द फ्लाइटचा रिफंड न घेता व्हाउचर घेतलं तर वर काही हजार जास्त. घ्यावं का? (डोंबिवली)

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. आजोबा, पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत. पॉइंट म्हणजे कंपनीने तुमच्याकडून बिनव्याजी घेतलेली उधारी. ती कधी, किती आणि कोणत्या भावाने फेडायची, हे उधारी घेणारा ठरवतो. गावातल्या सावकारालासुद्धा अशा अटी कधी मिळाल्या नाहीत.

किंगफिशर आठवते? पगार कित्येक महिने थकले, २०१२ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंजिनिअर आणि वैमानिकांनी काम थांबवलं, कंपनीने लॉकआउट म्हणजे टाळेबंदी जाहीर केली आणि २० ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला. तिच्या किंग क्लब योजनेचे माइल्स, म्हणजे पॉइंट, जमवलेल्यांच्या हातात राहिलं प्लॅस्टिकचं कार्ड. जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या जेटप्रिव्हिलेज योजनेचे पॉइंट वाचले. ती योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती म्हणून, पुढे तिचं इंटरमाइल्स झालं. पण ज्या विमानासाठी ते साठवले, ते विमानच नव्हतं. विस्ताराच्या वैमानिकांचा नव्या पगार-करारावरून एप्रिल २०२४ मध्ये खटका उडाला आणि त्याच नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिथले पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब योजनेत गेले. गेले हे खरं, पण नव्या घरात नव्या सासूचे नियम.

परदेशातही चित्र हेच. २९ ऑक्टोबर २०११ ला ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने तीन युनियनशी चाललेल्या वादात स्वतःचाच सगळा ताफा जमिनीवर उतरवला. दोन दिवसांत विमानं उडाली आणि मग अडकलेल्या प्रवाशांना मनवायला फुकट परतीचं तिकीट जाहीर झालं. इथवर ठीक. पण महिनाही झाला नव्हता तेव्हा कंपनीने ट्विटरवर स्पर्धा काढली: तुमच्या स्वप्नातला आलिशान प्रवास सांगा आणि फर्स्ट क्लासचा पायजमा जिंका. लोकांनी उत्तर दिलं की ठरलेल्या वेळी पोहोचवलंत तर तीच चैन. मला तर त्या लोकांना चहा पाजावासा वाटला होता.

आता व्हाउचर. आमच्या इमारतीतल्या एका बाईंना एका कंपनीने (नाव घेत नाही) रद्द फ्लाइटच्या बदल्यात ५,००० चं व्हाउचर दिलं. त्यांचा फोन घेऊन मीच बुकिंगला बसलो. नागपूरचं तिकीट ४,३०० चं, त्यात मूळ भाडं २,९००. व्हाउचर फक्त मूळ भाड्याला लागत होतं. कर आणि विमानतळ शुल्काचे १,४०० खिशातून. उरलेले २,१०० 'एकदाच वापरता येईल' या अटीखाली गेले. शनिवार-रविवार चालत नव्हता. बाई म्हणाल्या, "म्हणजे मला ५,००० मिळालेच नाहीत की." नाहीच मिळाले.

तेव्हा क्रम असा ठेवा. रिफंड रोख घ्या, ज्या कार्डावरून भरलात त्याच कार्डावर. जास्तीच्या काही हजारांसाठी हक्काचे पैसे अडकवू नका. साठलेले पॉइंट दुप्पट होण्याची वाट बघू नका, कारण दुप्पट झाल्यावर तिकिटाला लागणारे पॉइंटही वाढवता येतात. आत्ता त्यांत अमेरिकेचं बिझनेस क्लास बसत नसेल तर एका बाजूचं बसतंय का बघा, किंवा नातवाला इकडे बोलवा. पॉइंटच्या तिकिटालाही कर आणि शुल्क वेगळं भरावं लागतं, ते आधी विचारा. पॉइंट कधी संपतात ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आणि बुक करण्याआधी योजनेच्या अटी मुलाकडून किंवा जाणत्या एजंटकडून वाचून घ्या. बारीक अक्षर साठीनंतर दिसत नाही, हे कंपनीलाही ठाऊक असतं.

पुन्हा संप होईल का? मे महिन्यासाठी त्याच कंपनीचं तिकीट काढावं का? (कोल्हापूर)

मी पंचांग बघत नाही, पण नोटीस बघता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. मात्र सगळ्यांनी मिळून आजारी पडायला कोणी नोटीस देत नाही. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या दोनशेहून अधिक केबिन क्रूने तसंच केलं. शंभरावर उड्डाणं रद्द झाली, २५ जणांना काढलं, आणि ९ तारखेला दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर समझोता होऊन त्यांना परत घेतलं. कामगार आयुक्तांकडे बोलणी चालू असल्याची बातमी दिसली, तर परीक्षा, शस्त्रक्रिया, व्हिसा मुलाखत अशा न चुकवता येणाऱ्या दिवसाचं तिकीट त्या कंपनीचं काढू नका, किंवा एक दिवस आधीचं काढा. प्रवास विमा बातमी येण्याआधी घ्या. जाहीर झालेल्या संपासाठी नंतर घेतलेला विमा सहसा उपयोगी पडत नाही. पॉलिसीतला संपाबद्दलचा परिच्छेद विमा एजंटसमोर बसून वाचा.

बोर्डिंग पास आणि मेसेज किती दिवस जपून ठेवायचे? (अकोला)

दोन वर्षं. ग्राहक आयोगात जायची मुदत तेवढीच आहे. आणि थर्मल कागदावरची छपाई उडते, आजच फोटो काढून ठेवा.