सिन्नरला इंजेक्शनचा प्लांट प्रीफॅबमध्ये, म्हणजे फॅक्टरीत तयार केलेल्या भागांतून, बांधला तर खरंच निम्म्या वेळात होतो का?

तुम्ही विचारलंय की माळेगाव एमआयडीसीत व्हायलचा (इंजेक्शनच्या बाटल्यांचा) लहान निर्जंतुक प्लांट टाकायचाय आणि ठेकेदार म्हणतोय, "सगळं प्रीफॅब करा, निम्म्या वेळात उत्पादन सुरू." यावर कितपत विश्वास ठेवावा?

बांधकामाचा वेळ बराच वाचतो. उत्पादन सुरू होण्याचा वेळ त्या प्रमाणात वाचत नाही. डब्ल्यूएफआय, म्हणजे इंजेक्शनसाठीच्या अतिशुद्ध पाण्याची तपासणी डब्ल्यूएचओच्या पद्धतीने केली तर पहिला टप्पा किमान दोन आठवडे, दुसरा आणखी दोन आठवडे, आणि तिसरा वर्षभर चालू राहतो. मीडिया फिल (औषधाऐवजी जंतू वाढू शकतील असं द्रव भरून केलेली चाचणी) लागोपाठ तीन वेळा पास व्हावं लागतं. स्टॅबिलिटीचे, म्हणजे औषध किती टिकतं ते तपासायचे, महिने वेगळेच. भिंत फॅक्टरीत बनली की जागेवर, याचा या कशावरही परिणाम होत नाही. प्रीफॅबचा खरा फायदा असा की जून ते सप्टेंबर तुमच्याकडे पाया आणि सांगाडा चालू असताना तिकडे फॅक्टरीत छपराखाली स्किड (फ्रेमवर जोडलेली यंत्रणा) तयार होत असतात. शिवाय स्वच्छ पाइपिंगचं वेल्डिंग धुळीत करावं लागत नाही.

आधी ठेकेदाराला विचारा, प्रीफॅब म्हणजे नेमकं काय? क्लीनरूम पॅनल तर आज जवळपास सगळेच वापरतात, त्यात नवीन काही नाही. दुसरा प्रकार स्किड, म्हणजे पंप, टाक्या, व्हॉल्व्ह, पॅनलबोर्ड एका फ्रेमवर. तिसरा, पाइप आणि केबल ट्रेचे तयार रॅक. चौथा म्हणजे अख्ख्या खोल्याच तयार आणणं. २०१६ साली वुहानला एक बायोलॉजिक्स (जैविक औषधांचा) कारखाना जर्मनीत बनवून ६२ कंटेनरमध्ये नेला होता, तो हा प्रकार. तुमच्या आकाराच्या प्लांटला हा चौथा प्रकार मी सुचवणार नाही. रस्त्यावर परवानगीशिवाय २.६ मीटर रुंदीच चालते, त्यामुळे फिलिंग रूमच्या मधोमध जोड येतात. इमारत आरसीसी किंवा पीईबी (तयार स्टील सांगाड्याची), आत पॅनल, सोबत स्किड आणि सर्व्हिस फ्लोअरवर (सीलिंगच्या वरच्या मजल्यावर) पाइप रॅक, एवढं पुरेसं आहे.

सगळ्यात जास्त पैसे कुठे वाया जातात? डिझाइन गोठवायच्या आधी स्टील कापायला घेतलं तिथे. यूआरएस (तुमच्या गरजांची लेखी यादी), पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा आराखडा), माणसांचा आणि मालाचा मार्ग, प्रत्येक यंत्राचं विक्रेत्याने सही केलेलं ड्रॉइंग, हे हातात आल्याशिवाय ऑर्डर सोडू नका. एमआयडीसी, अग्निशमन, डिश (औद्योगिक सुरक्षा संचालनालय) आणि एफडीए (अन्न व औषध प्रशासन) या चौघांकडे एकच आराखडा जाऊ द्या. अग्निशमनवाल्यांनी नंतर एक दार वाढवायला सांगितलं, तर तयार पॅनल कापावं लागतं आणि त्यामागचा रिटर्न एअर रायझरही (खोलीतली हवा परत नेणारा उभा डक्ट) हलतो.

सिन्नर भागात काळी माती लागली तर ती काढून मुरमापर्यंत जा. पॅनल थोडं खचणं सहन करतं, स्किड आणि रॅक करत नाहीत. अँकर बोल्ट टेम्प्लेट लावून ±३ मिमीत बसवा आणि बेसप्लेटखाली २५ ते ४० मिमी ग्राउटची जागा सोडा. २०१६ च्या भूकंप नकाशात नाशिक झोन ३ मध्ये आहे, तेव्हा स्किडच्या अँकरिंगचं गणित विक्रेत्याकडून मागून घ्या. न मागता ते सहसा मिळत नाही.

आता पॅनल. पार्टिशनला ५० किंवा ८० मिमी जाडी, ०.६ किंवा ०.८ मिमीचा पीपीजीआय (रंगीत गॅल्व्हनाइज्ड) पत्रा. गाभा पफचा (फोमचा) घेतला तर स्वस्त पडतो, पण आगीच्या दृष्टीने रॉकवूल (दगडी तंतू) बरं. विमा कंपनीला आधीच विचारून घ्या. स्विच, पास बॉक्स (माल आत-बाहेर द्यायची खिडकी), व्ह्यू ग्लास, रायझर यांची सगळी भोकं फॅक्टरीतच पाडून घ्या. जागेवर ग्राइंडरने कापलेल्या प्रत्येक कडेला चॅनल आणि सीलंट लागतं, नाहीतर गाभा उघडा राहतो. चालता येणाऱ्या सीलिंगला चौरस मीटरला १५० किलोचा भार लेखी मागा. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि टनेल (बाटल्या गरम हवेने निर्जंतुक करणारं यंत्र) आधी जागेवर बसवायचे, भिंत नंतर त्यांच्याभोवती उभी करायची. हा क्रम उलटा झाला की भिंत खोलावी लागते.

खोलीतलं हवेचं प्रेशर न टिकण्याचं कारण बहुतेक वेळा एएचयूमध्ये (हवा पुरवणाऱ्या यंत्रात) नसतं, सीलिंगच्या वरच्या बाजूने न भरलेल्या जोडात असतं. स्वच्छतेच्या डी ग्रेडला १५, सी ला ३०, त्याहून स्वच्छ बी ला ४५ पास्कल अशी उतरंड ठेवली (वेगळ्या ग्रेडच्या शेजारच्या खोल्यांत किमान १० पास्कलचा फरक हवाच), की एवढीशी फटसुद्धा जाणवते. फरशीवर इपॉक्सीचा थर ओतण्याआधी धूर सोडून जोड तपासा. आणि इपॉक्सीची घाई नको: काँक्रीटला २८ दिवस झाले तरी पावसाळ्यात ओल राहते, मग फोड येतात. ओल मोजूनच ओता. हेपा फिल्टर (हवेतले सूक्ष्म कण अडवणारे) फॅक्टरीत बसवून आणायचे नाहीत. डक्ट फुंकून झाले, खोल्या पुसून झाल्या, मग ते खोक्यातून काढायचे.

डब्ल्यूएफआयच्या रॅकवर जरा थांबतो, कारण प्रीफॅबची खरी परीक्षा तिथे होते. ३१६एल स्टेनलेस पाइपला १:१०० उतार धरला तर रॅकच्या ६ मीटरच्या मॉड्यूलमध्ये ६० मिमी उतार येतो. पुढचं मॉड्यूल ६० मिमी खालून सुरू व्हायला हवं. फॅब्रिकेटरने एकाच ड्रॉइंगवरून पाचही रॅक बनवले, तर जोडावर पाइप पुन्हा वर चढतो आणि पाणी साचतं. ३० मीटरला एकूण ३०० मिमी उतार लागतो, म्हणजे डक्ट आणि केबल ट्रेची उंची त्याच्या आधी ठरवून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट प्रसरणाची. ८० अंशांवर चालणारा लूप २५ अंशांना बसवला, तर ३० मीटर सरळ पाइप सुमारे २६ मिमी वाढतो. प्रत्येक मॉड्यूलमध्ये क्लॅम्प घट्ट आवळले तर हा ताण फील्ड वेल्डवर (जागेवर केलेल्या वेल्डवर) येतो. एक फिक्स पॉइंट, बाकी सरकते आधार, आणि एक लूप किंवा वळण द्या. जोडाच्या टोकाला १०० ते १५० मिमी जादा पाइप ठेवा, तो जागेवर मापून कापता येतो. पॅसिव्हेशन (गंज रोखायला आम्लाने धुणं) सगळे फील्ड वेल्ड संपल्यावरच. काळ्या लोखंडावर चाललेली ग्राइंडिंग डिस्क स्टेनलेसला लावली की गंजाचे ठिपके ठरलेलेच, त्यामुळे डिस्क, ब्रश, टेबल सगळं वेगळं हवं.

अंबड-सातपूरचे फॅब्रिकेटर चिल्ड वॉटर पंप, कॉम्प्रेस्ड एअर, पॅनलबोर्ड यांचे स्किड उत्तम करू शकतात. हायजेनिक पाइपिंग मात्र ज्याच्याकडे ऑर्बिटल (पाइपभोवती आपोआप फिरणारं) वेल्डिंग मशीन, आर्गन पर्जचा (वेल्ड करताना पाइपमध्ये सोडायच्या वायूचा) हिशोब आणि बोरोस्कोपी (पाइपच्या आतून कॅमेऱ्याने तपासणी) आहे, त्यालाच द्या. मग तो नाशिकचा असो वा नसो.

वाहतुकीत भिवंडीकडून कसारा घाट आहे आणि पुण्याकडून संगमनेरमार्गे रस्ता आहे. जून २०२५ पासून समृद्धी इगतपुरी ते आमणे पूर्ण सुरू झालाय, पण तुमच्या ओडीसी (ठरलेल्या मापापेक्षा मोठ्या) मालाला तिथे परवानगी मिळते का हे ट्रान्सपोर्टरकडून लेखी घ्या. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत. त्या काळात डिलिव्हरी नकोच. ५० टनी क्रेन ५० टन उचलते ती बूम अगदी जवळ असताना. क्रेनपासून २० मीटर अंतरावर ८ टनांचा स्किड ठेवायचा असेल तर तिचा लोड चार्ट बघा. बहुधा मोठी क्रेन लागेल. गेज आणि सेन्सर काढून वेगळे पॅक करा, पाइपची टोकं कॅप लावून नायट्रोजनखाली ठेवा. प्रवासापुरत्या लावलेल्या ब्रेसला लाल रंग द्या, नाहीतर ते कायमचे राहतात.

एफएटीत (माल निघण्याआधी फॅक्टरीत होणाऱ्या चाचणीत) पाणी फिरवून, प्रत्येक इंटरलॉक (चूक झाली की यंत्र थांबवणारी व्यवस्था) चालवून घ्या. मटेरियल सर्टिफिकेट, वेल्ड मॅप आणि कॅलिब्रेशनचे कागद तिथेच ताब्यात घेतले तर त्यातल्या काही चाचण्या जागेवर पुन्हा कराव्या लागत नाहीत. हेपाची गळती, हवेचा प्रवाह, प्रेशर आणि कण-मोजणी मात्र जागेवरच होते.

शेवटी पैसे. प्रीफॅबमध्ये मोठी रक्कम माल जागेवर यायच्या आधी द्यावी लागते, आणि बँक हप्ता सोडते तो जागेवरचं काम बघून. कर्ज मंजूर करतानाच फॅक्टरीतल्या प्रगतीवर हप्ता मिळेल असं लिहून घ्या, आणि ॲडव्हान्सवर बँक गॅरंटी मागा. पर्चेस ऑर्डरसोबत प्रत्येक जोडाची यादी लावा: फ्लँज कोणाचा, गॅस्केट आणि बोल्ट कोणाचे, केबल कोण ओढणार, टर्मिनेशन (केबलची टोकं जोडणं) कोण करणार. रोखून ठेवायची रक्कम स्किड पोहोचण्याशी बांधू नका, हे जोड पूर्ण होऊन तपासले जाण्याशी बांधा.