जायचं म्हणजे जायचं

बाळ, अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री गाडीतून फोन केलास. "काका, अमेरिकन हवाई दलाच्या रिझर्व्हमध्ये नऊ वर्षं झाली, आता पुरे करू का?" म्हणालीस आणि मग बराच वेळ नुसता वायपरचा आवाज येत राहिला. मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर ओरडलो असतो. म्हणून लिहितोय.

ऑफिसातले साहेब दर महिन्याला तोंड वाकडं करतात, हे खरं. 1994 चा युसेरा कायदा तुझी नोकरी राखेल, साहेबांची मर्जी नाही राखणार. पण म्हणून ड्रिल, महिन्यातला तो एक सरावाचा वीकएंड, बुडवायचं? जायचं म्हणजे जायचं.

कॅप्टन असताना मीही बुडवलं होतं. नोकरीतलं काम अंगावर होतं, म्हणून वर्षाच्या सरावाचे दोन आठवडे सोडले आणि वर चार वीकएंड. 'नंतर भरून काढू' म्हटलं. सदस्यत्वाचे 15 पॉइंट, आठ वीकएंडांचे 32, झाले 47. वर्ष धरायला लागतात 50. आणखी एक वीकएंड गेलो असतो तर चार मिळाले असते! पेन्शनच्या 20 वर्षांत ते वर्ष धरलंच नाही.

पेन्शनचं सोड. परत गेलो तेव्हा कुणी रागावलं नाही. फळ्यावर उड्डाणाच्या यादीत माझं नाव पुसून दुसऱ्याचं लिहिलं होतं आणि त्याखाली माझी अक्षरं पुसट दिसत होती. तो फळा मला अजून दिसतो. पुढे कर्नल झालो, जनरल झालो नाही. त्या एका वर्षामुळेच असं मी म्हणत नाही, पण बढतीचं बोर्ड तुझा चेहरा बघत नाही, कागद बघतं. मेजरच्या बोर्डाला तुझाही कागदच दिसणार आहे.

तू म्हणतेस, वीकएंडला असतं काय? फॉर्म, लेक्चरं, रांगा. अगं, 22 ऑगस्ट 1990 ला राष्ट्राध्यक्षांनी रिझर्व्हला बोलावण्याचा आदेश काढला आणि आपल्या वेस्टओव्हरच्या तळावरून आखाताकडे विमानांमागून विमानं गेली. 28 चाकांचं सी-5 मालवाहू विमान, नाक वर उचलून पोटात रणगाडे घेणारं. ते उडवणाऱ्यांना नव्याने शिकायला वेळ कुठे होता? त्यांच्या गाठीला होते ते हेच कंटाळवाणे वीकएंड. कळतंय का तुला?

घराचंही सांगतो. मंडळाच्या गणपतीला मी किती वर्षं नव्हतो, तुझ्या काकूला विचार. लेकीच्या शाळेतल्या नाटकालाही नव्हतो, आणि ते तिने मला अजून माफ केलेलं नाही. तिचं बरोबर आहे. पण त्या शनिवारी माझ्या हाताखालच्या पोराची पहिली चेक राइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, होती, त्याला सोडून मी घरी थांबायला हवं होतं का? नाही. आजही मी गेलोच असतो. तुला हे कठोर वाटेल, वाटू दे.

एक कर. ऑक्टोबरपासूनच्या बाराही वीकएंडांच्या तारखा साहेबांना आत्ताच लेखी दे. ऐन वेळी सांगितलं की माणसं चिडतात, मी तीच चूक करत राहिलो. आणि पॉइंटांचा हिशेब दर तीन महिन्यांनी स्वतः तपास, दुसऱ्यावर सोडू नकोस.

पुढचं ड्रिल चुकवायचं नाही. शुक्रवारी एडिसनला आमच्याकडे जेवून पुढे जा, तिथून चिकपी, म्हणजे आपला तळ, तीन तास. काकू डबा भरून ठेवेल.

तुझा काका