दादा म्हणतो नुसती सही कर

कॅनडातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव देत नाही. माहेर मुंबईतल्या गावठाणातलं, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे) कॅथलिक घर, आईवडील दोघंही गेलेत, मृत्युपत्र नाही, आता दारात बिल्डर उभा आहे आणि मोठ्या भावाने व्हॉट्सअॅपवर ताईंच्या नावाचं एक ऍफिडेव्हिट टाईप करून पाठवलंय. त्यात लिहिलंय की धाकट्या भावाने 2009 साली माझ्या डोळ्यांदेखत रोख पैसे घेतले आणि घरावरचा हक्क सोडला. ताई 2009 मध्ये मस्कतला होत्या. दादा म्हणतो नुसती सही कर, कॉन्सुलेटमध्ये जाऊन अटेस्ट करून कुरिअर कर, तो दारुडा सगळं उडवून टाकेल, तुझा हिस्सा मी सांभाळतो ना. आणि त्याच आठवड्यात ताईंच्या लेकीने, तिची फर्स्ट कम्युनियनची (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची) तयारी चाललीये, विचारलं की मम्मा फॉल्स विटनेस म्हणजे काय गं? ताई लिहितात, मी तिला "खोटं बोलायचं नाही" एवढंच सांगितलं आणि किचनमध्ये निघून गेले.

ताई, सही करू नका. हे आधी सांगून टाकते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत जीव टांगणीला लावून वाचावं लागणार नाही.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. फॉल्स विटनेस म्हणजे खोटी साक्ष, ती देऊ नको ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक, तिला आपण कॅथलिक लोक आठवी म्हणतो, लुथरनही आठवी म्हणतात, बाकीचे बहुतेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स नववी म्हणतात (तिची शाळेतली मैत्रीण दुसऱ्या चर्चची असेल तर दोघींचं यावरून भांडण होईल, होऊ दे, आज्ञा तीच आहे, मोजायची पद्धत वेगळी). आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, असे तिचे शब्द. त्यातला "विरुद्ध" हा शब्द लेकीला नीट दाखवा. आज्ञा आधी कोर्टातल्या साक्षीबद्दल आहे, जिथे तुमच्या तोंडच्या शब्दावर दुसऱ्याचं घर, अब्रू, कधी जीव लटकलेला असतो. त्या काळी फोटो नाही, सीसीटीव्ही नाही, साक्षीदार हाच सगळा पुरावा. म्हणून बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात नियम आहे की एकाच्या सांगण्यावरून कुणाला दोषी धरायचं नाही, दोन किंवा तीन साक्षीदार हवेत, आणि देहदंड झालाच तर पहिला दगड साक्षीदारानेच मारायचा. म्हणजे बोलून नामानिराळं राहायची सोयच नाही. आणि साक्ष खोटी निघाली तर त्याने आपल्या भावाचं जे करायचं ठरवलं होतं तेच त्याचं करायचं. मूळ हिब्रूत तिथे शब्दच "भाऊ" असा आहे, ताई.

नाबोथाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल, पण आता परत वाचा, बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 21वा अध्याय, कारण ती तंतोतंत तुमच्या घरची आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, वाड्याच्या शेजारी होता म्हणून, भाजीपाला लावायला. पैसे देतो म्हणाला, दुसरा चांगला मळा देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडून राहिला, जेवेना. मग ईजबेल राणीने काय केलं, तर राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यावर राजाचा शिक्का मारला, आणि दोन माणसं उभी केली ज्यांनी सांगितलं की याने देवाची आणि राजाची निंदा केली. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उठून गेला. पत्र, शिक्का, दोन साक्षीदार आणि शेवटी जमीन. ती दोन माणसं कोण, त्यांची नावंसुद्धा पुस्तकात नाहीत. त्यांनाही कुणीतरी "नुसतं एवढं बोल" असंच सांगितलं असणार.

आणि येशूचं तर आपण दरवर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो, बायबलमध्ये मार्क लिहितो की त्याच्याविरुद्ध पुष्कळांनी खोटी साक्ष दिली पण त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळेनात. ज्याला आपण प्रभू म्हणतो तो स्वतः खोट्या साक्षीच्या बाजूने नाही, तिच्या समोर उभा होता. म्हणून ख्रिस्ती माणसासाठी ही आज्ञा नुसता नियम राहत नाही.

मी आठवीत होते तेव्हाचं सांगते. घरातली सोन्याची चेन सापडेना. धुणंभांडी करणाऱ्या मावशींवर संशय गेला आणि घरातल्या मोठ्यांपैकी एकांनी मला विचारलं, तू पाहिलंस ना तिला कपाटाशी? मी पाहिलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हो म्हटलं. एवढंच, "हो". मावशींनी पदराने हात पुसले, चपला घातल्या आणि गेल्या, महिन्याचा पगारही मागितला नाही. नाताळच्या साफसफाईत चेन ट्रंकेत निघाली, आईच्या लग्नाच्या साडीच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या पुडीला गुंडाळलेली. आईने मला त्याच रविवारी हार्बरच्या लोकलने मानखुर्दला नेलं, पत्ता विचारत विचारत. मावशींनी स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. मी सॉरी म्हटलं तर त्या काही बोलल्या नाहीत, मला विचारलं कितवीत गं तू आता. त्या परत आमच्याकडे कामाला आल्या नाहीत, आणि आमच्या वाडीत दुसऱ्या कुठल्याच घराने त्यांना मधल्या काळात ठेवलं नव्हतं हे मला नंतर कळलं. त्या "हो"चं ओझं मी अजून वाहते.

चर्चची शिकवण इथे फार बारीक आहे. 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात. पुरावा नसताना मनातल्या मनात कुणाला दोषी ठरवणं हे एक, धडधडीत खोटं बोलून बदनामी करणं हे दुसरं, आणि तिसरं जे आपल्या फॅमिली ग्रुपवर रोज चालतं, ते म्हणजे कुणाचा खरा असलेला दोष, योग्य कारण नसताना, ज्याला माहीत नाही त्याला सांगणं. खरं असलं तरी! धाकटा पितो हे खरं असेलही, पण ते टोरांटोच्या मावसबहिणीपासून दुबईच्या काकांपर्यंत सगळ्यांना का कळलं? आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लुथरने 1529 मध्ये लिहिलेल्या छोट्या प्रश्नोत्तरीत तर म्हटलंय की शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला, तो जे करतो त्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा. परदेशात राहणाऱ्यांनी हे जास्त जपायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण तुम्हाला घरचं सगळं एकाच माणसाच्या फोनमधून कळतं, जो फोन करतो त्याचंच खरं वाटायला लागतं, आणि दहा वर्षांनी ऐकलेलं आणि पाहिलेलं यातला फरकच डोक्यातून पुसला जातो.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या लोकांना 1925चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात आईवडील दोघंही मृत्युपत्र न करता गेले तर मुलांना सारखा हिस्सा, मुलगा-मुलगी फरक नाही, पिणारा-न पिणारा तर नाहीच नाही. घरावरचा हक्क सोडायचा तर रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र लागतं, तोंडी सोडला म्हणून कागद रंगवून भागत नाही. कोर्टात खोटा पुरावा दिला तर 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमचा स्वतःचा वेगळा वकील बघा, दादाचा नको.

दादाला भांडणाचा मेसेज टाकू नका, ग्रुपवर तर अजिबात नको, तीही एक साक्षच होते, त्याच्याविरुद्धची. त्याला एकट्याला लिहा, "दादा, मी तेव्हा मस्कतला होते, जे मी बघितलं नाही ते मी बघितलं असं लिहून देणार नाही. पण धाकट्याच्या पैशाची तुला खरंच काळजी असेल तर त्याचा हिस्सा बँकेत त्याच्या आणि बायकोच्या जॉइंट नावावर एफडीत कसा ठेवता येईल ते आपण तिघं मिळून बोलू." आणि तुम्ही आतापर्यंत नातेवाईकांत त्याच्याबद्दल जे जे पुढे पाठवलं असेल ते आठवा, ज्यांना सांगितलं त्यांनाच परत सांगा की मला नक्की माहीत नव्हतं. नुसतं कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, जाऊन हे भागत नाही, बिघडवलेलं नाव परत दुरुस्त करून द्यावं लागतं, हीही चर्चचीच शिकवण.

लेकीला मात्र किचनमधून बाहेर येऊन सांगा. आजोळच्या घराचा कागद आला होता, त्यावर मम्माने न बघितलेलं बघितलं असं लिहायचं होतं आणि मम्माने ते लिहिलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला एवढं बरोबर कळतं.

आणि धाकट्याला शनिवारी सकाळी फोन लावा, तुमची सकाळ म्हणजे इथे संध्याकाळ, तो घरी असेल. पत्रात तुम्ही लिहिलंय की चार वर्षांत बोलणं नाही. आधी त्याला विचारा जेवलास का. 2009चं नंतर विचारा, आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या.