१०० टीबीच्या डिस्कवर फाइलसिस्टिमच्या टेस्ट भरवशाने कशा चालवायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: एक्सएफएसटेस्ट्स (लिनक्सच्या एक्सएफएस, ईएक्सटी४ अशा फाइलसिस्टिम तपासणारा टेस्टचा संच) २० जीबीच्या व्हर्च्युअल डिस्कवर व्यवस्थित पास होतात, पण १०० टीबीच्या ॲरेवर, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या मोठ्या डिस्कवर, तोच रन संपता संपत नाही. काही टेस्ट लटकतात, काही कधी पास होतात तर कधी फेल. मग टाइमआउट वाढवावा का?

नका वाढवू. आधी लटकलेली टेस्ट उघडून वाचा. बऱ्याचदा ती ‘जागा संपेपर्यंत लिहीत राहा’ एवढंच करत असते. सेकंदाला १ जीबी लिहिलं तरी १०० टीबी भरायला जवळजवळ २८ तास लागतात. तुमची टेस्ट लटकलेली नाही, ती इमानदारीने डिस्क भरते आहे.

यावरचा उपाय एक्सएफएसटेस्ट्समध्येच आहे. टेस्ट चालवणाऱ्या चेक स्क्रिप्टला लार्ज-एफएस हा पर्याय द्या. मग स्क्रॅच डिव्हाइसवर (टेस्ट जी डिस्क पुन्हा पुन्हा पुसून वापरतात तिच्यावर) फाइलसिस्टिम बनली की लगेच तिच्यात एक लपलेली अवाढव्य फाइल तयार होते आणि साधारण ५० जीबी सोडून बाकी सगळी जागा फॅलोकेट या सिस्टिम कॉलने अडवली जाते. यात डेटा लिहिला जात नाही, ब्लॉक फक्त राखून ठेवले जातात, त्यामुळे एक्सएफएसवर हे चटकन उरकतं. ईएक्सटी४ वर एक फाइल १६ टीबीच्या पुढे जात नाही, म्हणून तिथे अशा अनेक फाइली बनतात.

‘त्यापेक्षा सगळीकडे १ जीबीची छोटी फाइलसिस्टिम बनवू’ असं वाटेल. जागा संपल्यावर काय होतं एवढंच पाहणाऱ्या टेस्टसाठी ते योग्यच आहे, तिने आपला आकार स्वतः ठरवून घ्यावा. पण सरसकट तसं केलंत तर १०० टीबीची डिस्क घेऊन उपयोग काय? मोठ्या डिस्कवरचे बग वरच्या पत्त्यांवर दडलेले असतात. ५१२ बाइटच्या सेक्टरचा नंबर ३२ बिटांत धरला तर २ टीबीला तो उलटून पुन्हा शून्यावर येतो, ४ केबीच्या ब्लॉकचा १६ टीबीला. एक्सएफएस तर ३.७ कर्नलच्या आधी डिफॉल्टने इनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारी नोंद) डिस्कच्या खालच्या भागातच ठेवायची, त्यामुळे ३२ बिटांपेक्षा मोठे इनोड नंबर नेहमीच्या टेस्टमध्ये फारसे यायचेच नाहीत. म्हणून डिस्क मोठी आणि मोकळी जागा थोडी, ही जोडी मला सगळ्यात मोलाची वाटते. मोकळी जागा नेमकी कुठे उरली हे एक्सएफएस-स्पेसमन या टूलच्या फ्रीएसपी कमांडने एकदा बघून घ्या.

ईएक्सटी४ असेल तर आणखी एक गोष्ट. १६ टीबीच्या वर एमकेई२एफएस (ईएक्सटी४ बनवणारी कमांड) डिफॉल्टने दर ६४ केबीमागे एक इनोड धरतं. २५६ बाइटच्या इनोडने हिशेब केला तर १०० टीबीला ४०० जीबीची नुसती इनोड टेबलं होतात. फाइलसिस्टिम माउंट झाल्यावर कर्नलचा थ्रेड ती टेबलं मागे सावकाश शून्य करत बसतो आणि वेळेवर अवलंबून असलेल्या टेस्ट कधी पास, कधी फेल होऊ लागतात. नो-इनिट-आयटेबल हा माउंट पर्याय दिलात की तो थ्रेड सुरूच होत नाही.

स्क्रिप्टमधली आकडेमोडही तपासा. बॅशची गणितं ६४ बिटांची असतात, पण जुना मॉक (mawk, ऑक भाषेचा एक इंटरप्रिटर) पर्सेंट-डीने आकडा छापताना २१४७४८३६४७ वर, म्हणजे ३२ बिटांच्या मर्यादेवर, अडकतो. फाइलसिस्टिम बरोबर असते आणि टेस्ट फेल होते. अपेक्षित आउटपुटमध्ये डीएफचे (मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडचे) कच्चे आकडे असतील तर ते फिल्टर करा.

खरी डिस्क रोज मिळत नसेल तर स्पार्स फाइल (आकाराने मोठी, पण लिहिलं तेवढीच जागा घेणारी) आणि तिला डिस्कसारखं दाखवणारं लूप डिव्हाइस वापरा, मात्र खालची फाइलसिस्टिम एक्सएफएस ठेवा. ईएक्सटी४ वर १०० टीबीची फाइल बनवायला गेलात तर ‘फाइल टू लार्ज’ असं उत्तर येईल. खालच्या डिस्कवर किती जागा उरली आहे यावरही लक्ष हवं. ती भरली तर वरच्या फाइलसिस्टिमला ‘जागा नाही’ असं कळत नाही, तिला इनपुट-आउटपुट एरर मिळतो, आणि मेटाडेटा लिहितानाच तो आला तर एक्सएफएस सरळ शटडाउन होते. असा शटडाउन दिसला की कर्नलचा कोड उघडण्याआधी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, लूपचे एरर शोधा आणि होस्टवर डीएफ चालवून बघा.